खाऱ्या पाण्याच्या टाकीतील माशांवरचे ठिपके : ओळख आणि उपचार

या टिपणात एका छोट्या पण फसव्या प्रश्नाचा अभ्यास करू. सकाळी तुम्ही टाकीचा दिवा लावता आणि काल ठणठणीत असलेल्या माशाच्या परांवर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे कण दिसतात. हे काय आहे, कशामुळे झाले आणि आता नेमके काय करायचे?

मी मत्स्यशास्त्राचा माणूस नाही, अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत शेवटच्या वर्षाच्या तीन विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी उभारली. तापमान, पीएच आणि लवणता मोजून पंप-हीटर आपोआप चालवणे असा प्रकल्प होता. संवेदक उत्तम चालले. मासे मात्र दुसऱ्याच कारणाने गेले आणि त्या चुकीत माझा वाटा मोठा होता. तेव्हा जे माहीत असायला हवे होते, ते इथे लिहितो. घरी, वसतिगृहात किंवा विभागात अशी टाकी असेल तर उपयोग होईल. नसेल तरी निदान, मात्रा आणि मोजमापातील चूक यांचे उदाहरण म्हणून वाचा.

ठिपका पाहण्याआधी श्वास मोजा

सगळ्यांची नजर ठिपक्याकडे जाते. पण मासा किती अडचणीत आहे हे त्याचे कल्ले सांगतात. घड्याळ लावा आणि एका मिनिटात कल्ल्यांची झाकणे किती वेळा उघडमीट करतात ते मोजा. हाच मासा निरोगी असताना किती वेळा करत होता याची नोंद आधीपासून असेल तर फारच बरे. मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडे ठेवून थांबत असेल, किंवा पंपाच्या धारेत डोके घालून उभा असेल, तर ठिपके चारच दिसत असले तरी प्रकरण गंभीर आहे. परजीवी कल्ल्यांत शिरलेले असतात आणि ते आपल्याला दिसत नाहीत.

त्यानंतर ठिपक्यांकडे वळा. टाकीचा दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च बाजूने, तिरपा धरा. समोरून टाकलेल्या प्रकाशात बारीक थर दिसत नाही, तिरप्या प्रकाशात दिसतो. रोज त्याच वेळी, त्याच बाजूने फोटो काढा आणि तारीख टाका. ही नोंद पुढे फार कामाला येते, कारण या रोगांमधला मुख्य फरक ठिपक्याच्या रंगापेक्षा तो काळानुसार कसा बदलतो यात असतो.

पांढरे ठिपके : क्रिप्टोकॅरिऑन

सर्वांत जास्त आढळणारा अपराधी म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. हा एकपेशीय, अंगभर सूक्ष्म केस असलेला सिलिएट गटातील परजीवी. त्याला हे शास्त्रीय नाव १९५१ साली मिळाले. गोड्या पाण्यातल्या माशांनाही अगदी असेच पांढरे ठिपके येतात, पण तो परजीवी वेगळा, इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस. दोघांची राहणी सारखी दिसते म्हणून बाजारात दोघांनाही ‘इक’ म्हणतात. मात्र दोघे जवळचे नातेवाईक नाहीत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. गोड्या पाण्यात तापमान ३० अंशांपलीकडे नेऊन इक आटोक्यात आणतात. तोच सल्ला ऐकून खाऱ्या टाकीचा हीटर वाढवलात, तर परजीवीला काही होत नाही. पाण्यात विरघळणारा प्राणवायू मात्र कमी होतो आणि कल्ले आधीच निकामी झालेला मासा गुदमरतो. नागपुरात किंवा चेन्नईत मे महिन्यात तर हीटर न लावताही पाणी तिथवर जाते.

आता याचे जीवनचक्र नीट समजून घ्या. उपचाराचा प्रत्येक निर्णय यावर उभा आहे.

माशाच्या अंगावर जो ठिपका दिसतो तो परजीवीचा खाण्याचा टप्पा, ट्रोफॉन्ट. तो कातडीवर बसलेला नसतो, कातडीच्या वरच्या थराखाली शिरलेला असतो. म्हणून औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. तिथे तो साधारण तीन ते सात दिवस खातो, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत वाढतो आणि मग मासा सोडतो. हे सहसा अंधारात घडते. खाली पडल्यावर काही तास तो वाळूवर, काचेवर सरपटतो आणि एखाद्या जागी चिकटून स्वतःभोवती कठीण कवच तयार करतो. हा झाला टोमॉन्ट. कवचाच्या आत तो पुन्हा पुन्हा विभागतो आणि एकापासून सुमारे २०० पर्यंत पिल्ले तयार होतात. कवच फुटून ती पोहत बाहेर पडतात. त्यांना थेरॉन्ट म्हणतात. त्यांच्याजवळ वेळ थोडा असतो. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात, आणि सापडला तरी आत शिरण्याची त्यांची ताकद पहिल्या काही तासांतच झपाट्याने उतरते.

कवचातून पिल्ले बाहेर यायला किती दिवस लागतात, याचे एकच उत्तर नाही. बहुतेक टोमॉन्ट तीन ते २८ दिवसांत फुटतात. पण एकाच दिवशी पडलेले सगळे एकाच दिवशी फुटत नाहीत आणि ७२ दिवसांनी फुटल्याची नोंद आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इथेच आम्ही फसलो. शुक्रवारी टँग माशावर दहा-बारा ठिपके दिसले. एका विद्यार्थ्याने दुकानातून ‘प्रवाळांना सुरक्षित’ असे लिहिलेली बाटली आणली आणि शनिवारी ती ओतली. सोमवारी मासा स्वच्छ! आम्ही चहा मागवला. खरे तर औषधाने काहीच केले नव्हते. ट्रोफॉन्टचे पोट भरले होते आणि ते वेळापत्रकाप्रमाणे उतरून वाळूत जाऊन बसले होते. दहाव्या दिवशी पहाटे जे दिसले त्यात ठिपके मोजणे शक्य नव्हते.

गणित करून पाहा. समजा माशावर पाच ठिपके होते. प्रत्येकापासून २०० पिल्ले, म्हणजे १०००. त्यांतल्या वीसपैकी एकालाच मासा सापडतो असे धरू (हा भाग मी केवळ मांडणीसाठी धरला आहे). तरी पुढच्या फेरीत ५० ठिपके आणि त्यापुढच्या फेरीत ५००. समुद्रात असे होत नाही, कारण तिथे परजीवी जिथे पडला ती जागा सोडून मासा केव्हाच निघून गेलेला असतो. टाकीत मासा रोज रात्री त्याच दगडाच्या कपारीत झोपतो. पिल्ले अंधारात, पहाटेच्या सुमारास बाहेर पडतात, आणि मासा तेव्हा तळाशी स्थिर असतो.

आणखी एक गोष्ट. संसर्गातून वाचलेल्या माशांना काही महिने अंशतः प्रतिकारशक्ती मिळते. त्यामुळे कधीकधी काहीही न करता ठिपके दिसेनासे होतात आणि मालक म्हणतो, ‘माझ्या टाकीत इक आला आणि गेला’. तो गेलेला नसतो, कल्ल्यांत थोड्या संख्येने टिकून असतो. नवा मासा आणलात किंवा उन्हाळ्यात चार तास वीज गेली की पुन्हा वर येतो. उलट दुसरा समजही चुकीचा आहे, की इक प्रत्येक टाकीत असतोच. माशाशिवाय तो जगू शकत नाही. बाहेरून आला नाही तर तो नसतो.

मखमल : ठिपके नव्हे, धूळ

दुसरा रोग अधिक घातक आहे. ॲमिलूडिनियम ओसेलाटम हा डायनोफ्लॅजेलेट गटातील परजीवी. याचे कण इतके बारीक असतात की सुटे मोजता येत नाहीत. माशावर पिठी साखर भुरभुरल्यासारखा किंवा धूळ बसल्यासारखा थर दिसतो, तिरप्या प्रकाशात किंचित सोनेरी झाक मारतो. इंग्रजी नावावरून आपल्याकडेही याला ‘व्हेल्व्हेट’ म्हणतात. बहुतेक वेळा तो आधी कल्ल्यांवर हल्ला करतो. म्हणून अंगावर काही दिसण्याआधीच मासा धापा टाकू लागतो, खाणे सोडतो, उजेड टाळतो.

याचे चक्रही तसेच: माशावर खाणे, खाली पडून विभागणे, पोहणारी पिल्ले. पण एका टोमॉन्टपासून २५६ पर्यंत पिल्ले होऊ शकतात आणि २३ ते २७ अंश तापमानाला सगळे चक्र आठवड्याच्या आत पुरे होते. इकमध्ये तुम्हाला विचार करायला दोन-चार दिवस मिळतात. मखमलीत आज संध्याकाळी उपचार सुरू झाला नाही तर उद्या सकाळी मासा नसू शकतो. म्हणून माझा स्वतःचा नियम असा: दोघांपैकी कोणता हे ठरत नसेल आणि मासा धापा टाकत असेल, तर मखमल आहे असे धरून चाला.

खात्री करायची असेल तर जवळच्या विज्ञान महाविद्यालयात जा. नुकत्याच मेलेल्या माशाच्या कल्ल्याचा छोटा तुकडा किंवा कातडीवरचा खरवडलेला चिकट थर, टाकीच्याच पाण्याच्या थेंबात, साध्या मायक्रोस्कोपखाली ४० ते १०० पट मोठा करून पाहिला तरी पुरे. गोल, हळूहळू गिरक्या घेणारा, कडेने केस हलवणारा जीव म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन. हलत नसलेला, गडद, नाशपातीसारखा, एका टोकाने चिकटलेला म्हणजे ॲमिलूडिनियम. राज्यात मत्स्यविज्ञान महाविद्यालय असेल तर तिथे विचारायला संकोच करू नका.

ठिपके, पण वेगळे

क्लाउनफिशच्या अंगावरून पांढरट बुळबुळीत थराचे लोंबते पदर निघत असतील तर ब्रुकलिनेला होस्टिलिसचा संशय घ्या. हाही सिलिएट, पण तो माशावरच दोनाचे चार होतो, खाली उतरण्याची भानगड नाही. त्यामुळे वेग भयंकर. याच्यावर तांबे चालत नाही, फॉर्मलिन लागते. फॉर्मलिन पाण्यातला प्राणवायू खाते आणि माणसालाही घातक आहे. हे काम जाणकाराच्या देखरेखीखाली, हवा खेळती ठेवून, हातमोजे घालूनच करा, वसतिगृहाच्या खोलीत कधीही नाही.

परांच्या कडेवर फुलकोबीसारखा ओबडधोबड, करडा-पांढरा गोळा असेल आणि तो आठवडाभरात जागा बदलत नसेल, तर तो बहुधा लिम्फोसिस्टिस. हा विषाणू पेशी फुगवतो. त्याला औषध नाही आणि सहसा त्याची गरजही नसते. चांगले अन्न, स्वच्छ पाणी आणि काही आठवडे धीर धरला की तो आपोआप जातो. अशा माशाला इक समजून महिनाभर तांब्यात ठेवणे म्हणजे पडसे झालेल्याला विष पाजणे होय. फोटोंची नोंद इथे कामी येते. इकचा ठिपका तीन-चार दिवसांत जागा बदलतो, हा गोळा तिथेच राहतो.

पिवळ्या टँगवर मिऱ्याच्या पुडीसारखे काळे ठिपके दिसले तर ते चपट्या कृमींमुळे आलेले असतात. गोड्या पाण्याच्या डुबकीने त्यांचा भार उतरतो: टाकीएवढेच तापमान आणि पीएच असलेले, क्लोरीन काढलेले, हवा सोडलेले गोडे पाणी, तीन ते पाच मिनिटे, आणि मासा कलंडला तर तत्काळ बाहेर. याच डुबकीत अंगाला चिकटलेले पारदर्शक फ्लूक पांढरे पडून तिळासारखे तळाशी गळतात. पाहताना शहारा येतो, पण निदान पक्के होते. इकला मात्र या डुबकीने फरक पडत नाही, कारण तो कातडीखाली आहे.

परांना चिकटलेले वाळूचे कण आणि पंपातून आलेले सूक्ष्म बुडबुडे हेही ठिपकेच दिसतात. तासाभराने पुन्हा पाहा.

उपचाराची जागा

पहिला नियम, आणि तो आम्ही मोडला: मुख्य टाकीत औषध घालू नये. वेगळी उपचार टाकी हवी. तळाला वाळू नाही, दगड नाही, फक्त हीटर, हवेवर चालणारा स्पंज फिल्टर आणि लपण्यासाठी पीव्हीसी पाइपचे दोन एल्बो. सगळे मासे तिथे हलवायचे, ठिपके दिसणारे आणि न दिसणारेही.

अमोनिया हा या टाकीतला खरा मारेकरी आहे. नव्या टाकीत नायट्रीकरण करणारे जीवाणू नसतात, तांबे असलेल्यांनाही दाबते आणि चार दिवसांत अमोनिया चढतो. म्हणून एक जादा स्पंज आधीपासून मुख्य टाकीच्या फिल्टरमध्ये मुरत ठेवावा. तो नसेल तर रोज अमोनिया मोजून पाणी बदलणे एवढाच मार्ग उरतो. तांबे घातलेल्या पाण्यात अमोनिया बांधणारी रसायने टाकू नका. त्यांतली काही तांब्याचे रूप बदलून ते अधिक विषारी करतात.

तांबे

तांबे पोहणाऱ्या पिल्लांना मारते. कातडीखालच्या ट्रोफॉन्टला नाही, कवचातल्या टोमॉन्टला नाही. त्यामुळे तांब्याची पातळी सलग टिकली पाहिजे, म्हणजे जेव्हा केव्हा पिल्ले बाहेर येतील तेव्हा पाण्यात तांबे हजर असेल. एक दिवस पातळी खाली गेली तर त्या दिवशी निघालेली पिल्ले वाचतात आणि मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. निदान १४ दिवस सांगतात. मी ३० दिवस धरतो.

साध्या, म्हणजे आयनिक तांब्यासाठी पातळी ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम प्रति लिटर. ही खिडकी फार अरुंद आहे. खाली परजीवी जगतो, वर मासा मरतो. चिलेटेड तांब्याच्या तयार औषधांची पातळी याच्या दहा पटींच्या आसपास असते. त्यामुळे बाटलीवर काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नका, आणि टेस्ट किटही त्याच प्रकारच्या तांब्यासाठी आहे याची खात्री करा.

आता मात्रा काढू. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी वापरतात तेच मोरचूद, कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट. पण शेतीचे नको, प्रयोगशाळेच्या शुद्धतेचे घ्या. रेणूभार २४९.७, त्यात तांबे ६३.५५, म्हणजे २५.४५ टक्के. एक ग्रॅम तांब्यासाठी ३.९३ ग्रॅम मोरचूद लागते. ते एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवले की प्रत्येक मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम तांबे असलेले द्रावण तयार होते. यापुढे हिशोब तोंडी होतो.

उपचार टाकी आतून ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, पाण्याची उंची ३३. आकारमान ५९.४ लिटर, ६० धरू. ०.२० पातळीसाठी १२ मिलिग्रॅम तांबे, म्हणजे १२ मिलिलिटर द्रावण. ते एकदम ओतायचे नाही. तीन-तीन मिलिलिटरचे चार हप्ते करून दोन दिवसांत घाला आणि प्रत्येक हप्त्यानंतर मोजा.

इथे एक सूक्ष्म गोष्ट. विद्यार्थी हमखास टाकीची पूर्ण उंची घेतात, समजा ३८ सेंटिमीटर. मग आकारमान ६८.४ लिटर येते आणि मात्रा १३.७ मिलिलिटर. प्रत्यक्ष पाणी ५९.४ लिटरच असल्याने पातळी ०.२३ होते. पाच सेंटिमीटरच्या चुकीने तुम्ही खिडकीबाहेर गेलात. पाणी बदलतानाही हेच लक्षात ठेवा. १५ लिटर नवे पाणी घालत असाल तर त्यात आधीच तीन मिलिलिटर द्रावण मिसळलेले हवे.

आमची चूक काय झाली? आम्ही मुख्य टाकीतच तांबे घातले. तिथे २० किलो चुनखडीचा दगड आणि प्रवाळाची वाळू होती. कॅल्शियम कार्बोनेट तांबे ओढून घेते. संध्याकाळी टेस्ट शून्याजवळ आली. आम्हाला वाटले किट खराब आहे, म्हणून पुन्हा मात्रा घातली. तिसऱ्या दिवशी कोळंबी आणि गोगलगायी मेल्या, कारण बिनकण्याच्या प्राण्यांना या पातळीचे तांबे सहन होत नाही. त्यांच्या कुजण्याने अमोनिया वाढला आणि टँग गेला. त्या दगडांवर मी आजही विश्वास ठेवत नाही. ते व्हरांड्यात कुंडीजवळ पडलेले आहेत.

तांबे मखमलीवरही चालते आणि तीच पातळी लागते. बटू एंजलफिश आणि काही टँग त्याला नाजूक असतात. त्यांच्यासाठी पातळी आणखी सावकाश चढवा. उपचार चालू असताना फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवायचा नाही. उपचार संपल्यावर उरलेले तांबे काढायला तोच वापरायचा.

बिनऔषधाचे दोन मार्ग

पहिला, लवणता कमी करणे. सागरी पाण्याची लवणता सुमारे ३५ ग्रॅम प्रति किलो. ती १५ च्या खाली नेली की क्रिप्टोकॅरिऑनचे चक्र तुटते, बहुतेक हाडाळ मासे मात्र तग धरतात. दर वेळी २० टक्के पाणी काढून तेवढेच गोडे पाणी घातले तर प्रत्येक वेळी लवणता ०.८ पट उरते: ३५, २८, २२.४, १७.९, १४.३. चार बदल, दोन दिवसांत. शेवटचा ठिपका गेल्यावर चार आठवडे ती पातळी ठेवायची आणि परत वर आणताना घाई न करता आठवडाभर घ्यायचा. रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या प्रमाणित द्रावणाने जुळवलेला हवा. तो दोनने चुकला तर तुम्ही १४ समजत असताना पाणी १६ वर असेल आणि महिनाभराची मेहनत वाया जाईल. गोडे पाणी वाढल्याने पीएच घसरतो, त्यावर खाण्याचा सोडा थोडा-थोडा घालून लक्ष ठेवा. दोन मर्यादा आहेत: कमी लवणतेलाही टिकणारे क्रिप्टोकॅरिऑनचे वाण आढळले आहेत, आणि मखमलीवर हा उपाय चालत नाही. ॲमिलूडिनियम फार मोठ्या लवणतेच्या पट्ट्यात जगतो.

दुसरा मार्ग मला विशेष आवडतो, कारण तो केवळ वेळेच्या हिशोबावर चालतो. टोमॉन्ट तीन दिवसांच्या आत फुटत नाही. मग दर ७२ तासांनी मासा नव्या, पूर्ण कोरड्या करून भरलेल्या टाकीत हलवला तर काय होईल? खाली पडलेले परजीवी मागच्या टाकीत राहतात. पहिल्या, चौथ्या, सातव्या, दहाव्या आणि तेराव्या दिवशी हलवले की माशावरचे सगळे ट्रोफॉन्ट उतरून मागे गेलेले असतात. दोन साध्या टाक्या आळीपाळीने चालतात. मधल्या वेळात रिकामी टाकी, जाळी, हीटर, सगळे धुऊन कडकडीत वाळवायचे. ७२ तास म्हणजे ७२ तास. परीक्षा आहे म्हणून ९० केले तर आधीच्यांतला एखादा फुटलेला असू शकतो. हाही उपाय इकपुरताच आहे.

रिकामी टाकी

मासे उपचारात असताना मुख्य टाकीत एकही मासा ठेवायचा नाही. कोळंबी, प्रवाळ, गोगलगायी राहू शकतात, कारण हा परजीवी त्यांच्यावर जगत नाही. किती दिवस? ७२ दिवसांची ती नोंद आठवा. छंदी मंडळी त्यावर थोडी भर घालून ७६ दिवस पाळतात. सेमिस्टरचा बराचसा भाग टाकीत मासा नाही, हे पटवणे कठीण असते. ‘एक छोटा डॅमसेल राहू दे’ असे कोणीतरी म्हणतेच. त्या एका माशावर सगळे चक्र चालू राहते आणि ७६ दिवस फुकट जातात.

ऐकीव उपायांबद्दल थोडक्यात. लसणाने मासा खायला लागू शकतो, परजीवी मरत नाही. सफाई करणारा रास मासा इतर माशांच्या अंगावरचे छोटे कवचधारी परजीवी खातो, कातडीखालचा इक नाही. अल्ट्राव्हायोलेट दिव्याने पोहणारी पिल्ले कमी होतात, पण जी पिल्ले दिव्यापर्यंत पोचण्याआधी माशापर्यंत पोचतात त्यांचे काय? आणि जी बाटली प्रवाळाला, कोळंबीला काहीच करत नाही, ती सिलिएटला नेमके कसे मारते, हा प्रश्न दुकानदाराला नम्रपणे विचारा.

विलगीकरण

क्रॉफर्ड मार्केट असो, कोलकात्याचा गॅलिफ स्ट्रीट असो की चेन्नईचे कोळत्तूर, दुकानातल्या अनेक टाक्यांचे पाणी सहसा एकाच फिल्टरमधून फिरते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम आणि विळिंजम येथे क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र बसवले. अशा पैदाशीचा मासा मिळाला तर तोच घ्या. पण तोही दुकानात आठवडाभर इतर माशांच्या पाण्यात राहिला असेल तर त्याला वेगळे मानू नका. प्रत्येक नवा मासा महिनाभर वेगळ्या टाकीत. जाळी वेगळी, बादली वेगळी, आणि ओला हात एका टाकीतून थेट दुसऱ्या टाकीत नाही.

स्वाध्याय

१. उपचार टाकी आतून ७५ × ३० सेंटिमीटर, पाण्याची उंची ४० सेंटिमीटर. वरील द्रावणाने तांब्याची पातळी ०.१८ मिलिग्रॅम प्रति लिटर करायची आहे. किती मिलिलिटर लागेल? (उत्तर: १६.२) दुसऱ्या दिवशी किट ०.१२ दाखवते. पुन्हा मात्रा घालण्याआधी कोणत्या तीन गोष्टी तपासाल?

२. ३५ लवणतेच्या टाकीत दर वेळी २५ टक्के पाणी बदलले तर १५ च्या खाली जायला किती बदल लागतील? (उत्तर: तीन, शेवटी १४.८.) रिफ्रॅक्टोमीटर एक एकक कमी दाखवत असेल तर प्रत्यक्षात तुम्ही कुठे असाल आणि आणखी किती पाणी बदलाल?

३. एका मित्राने फोन केला: क्लाउनफिशच्या शेपटीवर एकच पांढरा गोळा, दहा दिवस तिथेच, मासा नीट खातो, श्वास संथ. तो तांबे आणायला दुकानात निघाला आहे. त्याला काय सांगाल?